शब्द दिला आणि पाळला: तुम्ही पाहिलेली माणसं (अनुभव)

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं तेव्हा चेअरमनकाकांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, शेवटच्या बिऱ्हाडाला किल्ली मिळेपर्यंत मी माझी घेणार नाही. मग बिल्डरने भाडं थकवलं, काम वर्षभर बंद पडलं, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होत्या. शेवटी ओसी, म्हणजे राहायला जायचा परवाना, आली, सगळे राहायला गेले, पण तळमजल्यावरच्या आजींचे वारसाचे कागद अडकलेले. काका चार महिने कागदांसाठी त्यांच्यासोबत फिरले. गेल्या महिन्यात आजींना किल्ली मिळाली, दुसऱ्या दिवशी काकांनी घेतली.

तेव्हापासून डोक्यात आहे की अशी माणसं लिहून ठेवायला हवीत. निवडणुकीतली आश्वासनं नकोत. ज्यांच्या भरवशावर तुम्ही स्वतः राहिलात ती माणसं सांगा, सरपंच, हेडमास्तर, बॉस, कोणीही. नावं नकोत.

कोयता ते खडू
मी बीड जिल्ह्यातला, आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, दिवाळीच्या आसपास उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि कारखान्यावर जायचं, मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच. दरवर्षी मी आजीजवळ गावी राहायचो पण माझ्या दहावीच्या वर्षी, म्हणजे 2003 च्या परीक्षेआधी, आजी वारली आणि मला टोळीबरोबर कोल्हापूरकडे जावं लागलं. आई अडून बसली, पोराची परीक्षा बुडणार असेल तर उचल नको म्हणाली. टोळी नेणारे मुकादम म्हणजे आमचे आबा, त्यांनी उचलीची वही काढली, वडिलांच्या नावापुढं रकमेवर अंगठा होता त्याच्याखाली लिहिलं, "पोरगं परीक्षेच्या आठ दिवस आधी गावी पोचवणे", आणि खाली स्वतःची सही केली. आईला वाचता येत नव्हतं, मला वाचायला लावलं.

कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत चिमणीवर अभ्यास केला, दिवसा मोळ्या बांधायच्या, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकायला जायचं. फेब्रुवारीच्या शेवटी कारखान्याचा नेमका जोर, गाड्या कमी पडत होत्या, कारखान्याचा स्लीपबॉय रोज येऊन ओरडायचा. वडीलच म्हणाले, आबा राहू द्या, टोळी सोडून कुठं जाता. आबांनी टोळी भावाकडे दिली आणि मला घेऊन रात्रीच्या एसटीला बसले, कोल्हापूरहून सोलापूर, तिथून बीड, मग गावाकडची गाडी. स्टँडवर मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलो होतो आणि ते पिशवी धरून जागे होते. सगळे मुकादम असे नसतात, मी टोळीत पोरींचे हाल पाहिलेत, ते पण सांगायला पाहिजे. पण मी आज शाळेत शिकवतो ते त्या एसटीमुळे.

नगरी
आमच्या गावातून आम्ही हिवरे बाजार बघायला गेलो होतो. पोपटराव पवार 1989 ला तिथे सरपंच झाले. तिथे पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाणी कमी असेल तर रब्बीचा पेराच कमी करतात. ऊस-केळी नाही आणि शेतीसाठी बोअर नाही. परत आल्यावर आमच्या सरपंचबाई ग्रामसभेत म्हणाल्या आपण पण करू. मागून एकजण बोलला, आधी तुमच्या डाळिंबातला बोअर बंद करा. बाई म्हणाल्या सोमवारी या. सोमवारी निम्मं गाव बांधावर. मोटर वर काढली, पाइप एकेक करून बाहेर ठेवले, बाईंचे सासरे बाजूला तोंड फिरवून बसलेले. त्या वर्षी त्यांची बाग अर्धी गेली. मग मात्र बाकीच्यांना बोलायला तोंड राहिलं नाही, माझ्या वडिलांनी पण आमचा बंद केला.

हिंजवडीकर
2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमचा मॅनेजर म्हणाला होता टीममधल्या कोणालाही जाऊ देणार नाही. जूनमध्ये दोघांना काढावं लागलं, मी त्यातला एक. एचआरच्या मेलच्या आधी त्याचा फोन आला, माझा शब्द खोटा पडला म्हणून रडला. पुढचे तीन महिने माझा सीव्ही घेऊन ओळखीपाळखीत फिरत होता. शब्द मोडला की पाळला, मला अजून ठरवता येत नाही.

धरणाखालची
हिंजवडीकर, माझ्या मते त्याने जे हातात नव्हतं ते द्यायला नको होतं. आमचं गाव धरणात गेलं, पुढारी म्हणाले होते जमिनीला जमीन देऊ. 1976 ला राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला, आजोबा त्याच्या जोरावर हेलपाटे घालत म्हातारे झाले. सगळे "बघतो, करतो" म्हणायचे. एकच तहसीलदारबाई समोर बसवून म्हणाल्या, आजोबा, जमीन माझ्या हातून होणार नाही, तुमची फसवणूक करत नाही, पण नातीचा प्रकल्पग्रस्त दाखला आठ दिवसात देते. सातव्या दिवशी मिळाला. आजोबा शेवटपर्यंत नाव काढायचे ते फक्त त्या बाईंचं.

डोंबिवलीकर (धागाकर्ता)
कोयता ते खडू, तुमच्या आबांचं वाचून कितीतरी वेळ काही सुचलं नाही. ते आहेत का अजून? आणि ती वही?

कोयता ते खडू
आबा आहेत, थकलेत, टोळी सोडून बरीच वर्षं झाली. वहीचं सांगायचं राहिलंच. शाळेच्या फाटकाशी मला सोडलं तेव्हा माझाच पेन मागून घेतला, वही गुडघ्यावर ठेवली आणि उचल फिटल्यावर मारायचे तशी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग पेन परत माझ्या खिशाला लावला आणि उलट्या एसटीने कारखान्यावर गेले.