मदत हवी आहे: आईच्या तंबोऱ्यावर सिंथचा गंधार जुळत नाही

नमस्कार मंडळी,

मी हौशी इलेक्ट्रॉनिक संगीत करते. शास्त्रीय गाणं रीतसर शिकलेले नाही, पण घरात ते कायम होतं. आईचा तंबोरा मिरजेत करवून घेतलेला, चार तारांचा. तिची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा. पुढच्या महिन्यात तिला सत्तर वर्षं पूर्ण होतील. तिच्या आवाजातला भूप राग, मागे तिचाच तंबोरा आणि सिंथचे (सिंथेसायझरचे) लांब स्वर अशी सहा-सात मिनिटांची एक रचना तेव्हापर्यंत पूर्ण करायची आहे.

तंबोरा घरीच रेकॉर्ड केला. पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या, माइक घोडीपासून साधारण हातभर लांब. तारा प सा सा सा. मोबाइलवरच्या ट्यूनरने काळी चार जुळवून घेतली आणि मग आईने मणी सरकवून कानाने बारीक केलं. नुसता ऐकला तर फार सुंदर आवाज आलाय, जवारी, म्हणजे घोडीवरून येणारा तारेचा झणत्कार, अगदी खुललेली आहे.

त्यावर सिंथवर सा-ग-प धरून ठेवलं आणि आईला हेडफोन दिला. दोन मिनिटांत तिने काढला. म्हणाली, "तुझा गंधार चढा आहे. तंबोऱ्यातला गंधार एक बोलतोय, तुझा दुसराच. मी नेमका कोणता लावू?"

ट्यूनरवर सिंथचा प्रत्येक स्वर बिनचूक दिसतो. तरीही तिने सांगितल्यावर मलाही ऐकू यायला लागलं. तो स्वर सतत थरथरतो, जणू कोणी आवाज भराभर कमीजास्त करतंय. रिव्हर्ब काढला, कोरस काढला, तरी तेच. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, त्यामुळे तो सोडून पुढे जाता येत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. तंबोऱ्याचा लूप केला की जोडावर दरवेळी आवाज क्षणभर पोकळ होतो. आणि सतारीच्या सँपलवर प वरून ग वर मींड घ्यायला (न तोडता घसरत जायला) गेले की मींड न होता दुसरा आघात वाजतो. पिच बेंडचं (स्वर वर-खाली सरकवणारं) चाक पूर्ण फिरवलं तरी स्वर ग पर्यंत उतरत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. फक्त आईचा आवाज ऑटोट्यूनमध्ये घालायला सांगू नका, ते मला करायचं नाही.

प्रतिसाद १

आईंचा कान बरोबर आहे आणि तुमचा ट्यूनरही. दोघे वेगवेगळ्या गंधाराबद्दल बोलत आहेत.

तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून तो ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. काळी चारचा खर्ज सुमारे १०३.८ हर्ट्झ. त्याची पाचपट ५१९.१, तो तारेचा गंधार. सिंथचा सप्तक बारा समान भागांचा असतो, त्यात त्याच जागचा गंधार ५२३.२५ वर येतो. फरक चार हर्ट्झचा, म्हणून सेकंदाला चार वेळा थरथर. सेंटमध्ये (कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) सांगायचं तर तारेचा गंधार सा पासून ३८६ वर आणि कीबोर्डचा ४०० वर.

तंबोऱ्याची जवारी जितकी खुली तितके हे वरचे स्वरांश ठळक. पियानोसोबत खपून जाणारा फरक इथे टोचतो तो त्यामुळेच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं, ते याच कारणासाठी वाचण्यासारखं आहे.

माझं मत विचाराल तर आधी सिंथमधून गंधार काढूनच टाका. फक्त सा आणि प धरा, गंधार तंबोरा देतोय. जिथे सिंथचा गंधार हवाच असेल तिथे तो १४ सेंट खाली आणा. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ स्कला फाइल (स्वरांच्या जागा लिहिलेली फाइल) वाचतो, तिच्यात रे २०४, ग ३८६, प ७०२ असे सेंट लिहिता येतात. मात्र मूळ स्वर (सा) आपोआप पांढरी एक धरला जातो. तो काळी चारवर नेण्यासाठी कीबोर्ड मॅपिंगची वेगळी फाइल लागते. ती विसरलात तर सगळेच स्वर भलतीकडे जातील.

प्रतिसाद २

लूपबद्दल. तुम्ही बहुतेक पहिल्या आवर्तनापासून कापलंय. पहिल्यांदा पंचम छेडता तेव्हा मागच्या तारांची आस (मागे रेंगाळणारा नाद) नसते, पुढच्या प्रत्येक वेळी असते. तोच पोकळपणा जोडावर ऐकू येतो. चार-पाच मिनिटं सलग छेडा, सुरुवातीची दोन-तीन आवर्तनं सोडून द्या आणि मग पाच-सहा आवर्तनांचा तुकडा घेऊन लांब क्रॉसफेड द्या. खरं तर सात मिनिटांसाठी सात मिनिटं छेडलेलाच उत्तम. आणि तंबोरा टेम्पोला ताणू नका. तो लयीत छेडत नाहीत, आणि ताणला की जवारीचा बारीक झणत्कार चिकट होतो.

मींड: बेंडची मर्यादा बहुधा दोन सेमीटोनवर (अर्ध्या स्वरांवर) असते आणि प ते ग अंतर तीन. ती बारावर न्या, सिंथ आणि सँपल दोन्हीकडे. प एकदाच छेडून चाकाने खाली या, ग ची कळ दाबू नका. सतार स्वतंत्र चॅनलवर ठेवा, नाहीतर सोबतचे धरलेले स्वरही घसरतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री फक्त सा-प ठेवून ऐकवलं. आईने डोळे मिटले आणि न सांगता गंधार लावला. थरथर नव्हती. मींडही जमली, चाक हळू फिरवायचा सराव मात्र करावा लागेल. रविवारी तंबोरा पुन्हा सलग रेकॉर्ड करतेय.

आता धैवत उरला. एका ठिकाणी ८८४ सेंट वाचला, दुसरीकडे ९०६. आई म्हणते, भूपाचा धैवत देसकार रागासारखा चढा नको. तो सिंथवर कुठे ठेवू? भूप गाणाऱ्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.