'काल', 'मागच्या सोमवारी' अशा नोंदींची तारीख डेटाबेसमध्ये कधी ठरवावी?

प्रश्न (बेती):
गोव्यातल्या मालीम जेटीवर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. तांडेल (होडीचे प्रमुख) मोबाइलवरून 'काल', 'काल रात्री', 'मागच्या सोमवारी' असे लिहून पाठवतात आणि त्यांनी तारीखच लिहावी असा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. या शब्दांवरून तारीख नोंद साठवताना काढावी, की अहवाल तयार करताना? पावसाळ्यातील मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे एका दिवसाच्या चुकीनेही एखाद्या ट्रॉलरवर बंदी मोडल्याचा ठपका येऊ शकतो.

उत्तर (फोंडा):
साठवतानाच काढा. अहवालाच्या वेळी काढल्यास 'काल' रोज एक दिवस पुढे सरकेल. मूळ मजकूर, संदेश लिहिल्याची वेळ आणि काढलेली तारीख हे रकाने वेगळे ठेवले, तर पुढे नियम बदलल्यावर जुन्या नोंदींचा अर्थ पुन्हा लावता येतो. वेळ मात्र संदेश लिहिल्याचीच घ्या, पोहोचल्याची नव्हे, कारण खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते. 'काल रात्री' दोन तारखांवर पसरते, म्हणून तिथे सुरुवात आणि शेवट एकत्र साठवणारा पोस्टग्रेसचा 'रेंज' हा डेटा प्रकार वापरावा. 'मागच्या सोमवारी' याचा अर्थ माणसेही वेगवेगळा लावतात. ॲपने काढलेली तारीख तांडेलला दाखवून त्याची संमती घ्यावी, हेच मला न्याय्य वाटते.

उत्तर (मडगाव):
सर्व्हरचा टाइमझोन आधी तपासा. २ ऑगस्टला पहाटे ४ वाजता लिहिलेला 'काल' म्हणजे १ ऑगस्ट. पण सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर त्यानुसार तेव्हा १ ऑगस्टचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे पोस्टग्रेसमधला 'काल'साठीचा शब्द 'यस्टरडे' ३१ जुलै ही तारीख देईल आणि कायदा पाळलेली होडी बंदीच्या काळात सापडेल. पहाटे साडेपाचपर्यंत हा धोका रोज असतो. वेळ टाइमझोनसह साठवा आणि दिवस मोजण्यापूर्वी ती 'एशिया/कोलकाता' या टाइमझोनमध्ये आणा.

प्रश्नकर्ता:
रेंज नसताना नोंदी मोबाइलवरच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये राहतात. तिथे तारीख काढली तर चालेल का?

उत्तर (मडगाव):
चालेल, पण एसक्यूलाइटचे 'नाउ' (आत्ताची वेळ) हेसुद्धा यूटीसीतच असते, आणि महिन्यांचे गणित दोन्हीकडे सारखे नाही. ३१ मार्च २०२४ मधून एक महिना वजा केल्यास पोस्टग्रेस २९ फेब्रुवारी देते, तर एसक्यूलाइट २ मार्च. एसक्यूलाइटच्या ३.४६ आवृत्तीपासून तारखेच्या सूत्राला 'फ्लोर' हा शब्द जोडून पोस्टग्रेससारखे उत्तर मिळवता येते. मोबाइलवर त्याआधीची आवृत्ती असल्यास हे गणित फक्त सर्व्हरवर करा.