घोषणापत्र ऑनलाइन झालं, मग तीच पीडीएफ चार जणांनी का टाइप करायची?

इनव्हॉइसवाली

आमची कंपनी पंपाचे सुटे भाग आयात करते आणि तयार पंप निर्यात करते. कागदपत्रांचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. कस्टम्सचं घोषणापत्र ऑनलाइन भरतात हे खरं, पण प्रत्यक्षात पुरवठादार इनव्हॉइसची पीडीएफ पाठवतो, मी ती एक्सेलमध्ये उतरवते, क्लिअरिंग एजंट ते पुन्हा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो आणि शेवटी तीच पीडीएफ सही-शिक्क्यासकट घोषणापत्राला जोडतो. मागच्या मालाच्या वेळी ढोबळ वजनाच्या जागी निव्वळ वजन गेलं. बिल ऑफ लेडिंगशी (जहाज कंपनीनं मालासाठी दिलेल्या कागदाशी) जुळेना, माल अडकला, डिमरेज (माल रखडल्याचा भुर्दंड) आमच्या माथी. आता साहेब म्हणतात, "आधुनिकीकरण करा, एखादं सॉफ्टवेअर घ्या."

सुरुवात कुठून करू? आणि कस्टम्सवाल्यांच्या बाजूनं खरंच काही बदलतंय का?

जुनी_फाइल

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी घ्या. आधी क्लिअरिंगमध्ये होतो आणि आता याच कामाची सॉफ्टवेअरं बसवून देतो, त्यामुळे हे बोलून मी माझ्याच पोटावर पाय देतोय, पण असो.

पहिलं काम आयटम मास्टरचं, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या कोडसकट यादीचं. तुमच्यासारख्या कंपन्यांत सगळं "पंपाचे भाग" म्हणून ८४१३.९१ या एचएस कोडमध्ये (कस्टम्सचा वस्तू-वर्गीकरणाचा क्रमांक) ढकललेलं असतं. मेकॅनिकल सील तिथे बसत नाही, त्याला स्वतःचा ८४८४.२० आहे. बेअरिंग ८४८२ मध्ये. साध्या व्हल्कनाइज्ड रबराची ओ-रिंग तर ८४व्या प्रकरणातच नाही, ती ४०१६.९३. एचएस कोडचे हे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. सध्याची आवृत्ती २०२२ची आहे, पुढची १ जानेवारी २०२८पासून लागू होणार. म्हणून कोडशेजारी "कधीपासून लागू" असा एक रकाना आत्ताच ठेवा, नाहीतर त्या जानेवारीत रात्री जागाल. जिथे दोन जाणकारांची दोन मतं पडतात, त्या वस्तूसाठी कस्टम्सकडे आगाऊ निर्णय मागा. माल निघण्याआधीच वर्गीकरण लेखी मिळतं आणि ते त्यांच्यावरही बंधनकारक असतं. ही सोय असताना फार थोडे लोक वापरतात, याचं मला कायम नवल वाटतं.

दुसरं, पुरवठादाराकडून पीडीएफसोबत साधी डेटा फाइल मागा. प्रत्येक ओळीला पार्ट नंबर, नग, निव्वळ वजन, ढोबळ वजन, दर, इनकोटर्म (भाडं-विमा कोणाकडे हे सांगणारी विक्रीची अट) आणि मूळ देश. मूळ देश म्हणजे माल जिथे बनला तो, जिथून जहाजात चढला तो नव्हे. इनकोटर्म हवाच, कारण काही देश शुल्कासाठीच्या मूल्यात भाडं-विमा धरतात, काही धरत नाहीत. एजंटनं ही फाइल थेट आत घ्यायची. टाइप करणार म्हणाला तर एजंट बदला.

आता कस्टम्सचं. १ जानेवारी १९८८ला एचएस लागू झाला, आणि त्याच दिवशी युरोपीय समुदायानं निरनिराळे फॉर्म मोडीत काढून ५४ रकान्यांचं एकच घोषणापत्र आणलं. १९८९मध्ये सिंगापूरनं ट्रेडनेट सुरू केलं, म्हणजे एकदाच अर्ज भरायचा आणि तो संबंधित खात्यांकडे आपोआप जायचा. पण पुष्कळ देशांनी पुढे केलं काय, तर कागदावरचे रकाने जसेच्या तसे स्क्रीनवर मांडले आणि खाली "कागद जोडा"चं बटण ठेवलं. तुमचा वैताग त्या बटणाचा आहे. खरा बदल आता होतोय तो रकाना सोडून डेटा एलिमेंटकडे (यंत्राला थेट वाचता येणाऱ्या माहितीच्या सुट्या तुकड्यांकडे) जाण्याचा, ज्यासाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेचं डेटा मॉडेल आहे. ब्रिटनमध्ये कस्टम्सची जुनी घोषणापत्र यंत्रणा चीफ जाऊन नवी सीडीएस आली तेव्हा नेमकं हेच झालं.

नियमांचा पाया डब्ल्यूटीओच्या व्यापार सुलभीकरण करारात आहे, तो २२ फेब्रुवारी २०१७पासून लागू आहे. माल पोचण्याआधी कागद तपासणं, शुल्काचा अंतिम आकडा ठरायच्या आत हमी घेऊन माल सोडणं, जोखीम बघून मोजकेच कंटेनर उघडणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. अंमलबजावणीचा वेग मात्र ज्याचा त्याचा.

हिशेबनीस

वरचं पटलं, पण एक बाजू राहिली. माल झटपट सुटतो तो फुकट नाही. तपासणी नंतर येते, पोस्ट क्लिअरन्स ऑडिट म्हणून, आणि तोवर माल विकूनही झालेला असतो. कोड चुकीचा निघाला तर फरक, व्याज, दंड, सगळं तुमच्या खिशातून. गिऱ्हाइकाकडे तेव्हा कुठल्या तोंडानं जाणार? म्हणून कुठल्या वस्तूला कुठला कोड का दिला, याची एक ओळ प्रत्येक वेळी लिहून ठेवा. ऑडिटवाला "का" एवढंच विचारतो आणि तेव्हा कोड देणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

इनव्हॉइसवाली

ओ-रिंग तपासली. सगळ्या ८४१३.९१मध्येच आहेत! साहेबांना सांगायची हिंमत गोळा करतेय.

आणखी एक. हे सगळं केलं तरी मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरनंच येतं. जहाज आधी पोचतं, कागद मागून. ते कधी जाणार?

जुनी_फाइल

साहेबांना ऑडिटचं नाव सांगा, हिंमत आपोआप येईल.

बिल ऑफ लेडिंगचा तिढा कस्टम्सचा नाहीच. तो कागद मालाच्या ताब्याचा हक्क असतो, ज्याच्या हाती मूळ प्रत त्यालाच डिलिव्हरी. पीडीएफच्या कितीही प्रती निघतात, म्हणून कायदा तिला "हाती असणं" मानायला तयार नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगानं (अनसिट्राल) २०१७मध्ये त्यावर नमुना कायदा दिला, ब्रिटननं २०२३मध्ये स्वतःचा कायदा केला. बाकीचे एकेक करून येतायत. दोन्ही टोकांचे देश, बँक आणि जहाज कंपनी असं सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय जमत नाही, त्यामुळे वाट बघत बसू नका. पुरवठादाराला पैसे आधीच पोचत असतील आणि मधे बँक नसेल, तर बिल ऑफ लेडिंगऐवजी सी वेबिल मागा. त्यात मूळ प्रत दाखवावी लागत नाही, नाव जुळलं की माल मिळतो. लेटर ऑफ क्रेडिट (बँकेची पैसे देण्याची हमी) असेल तर मात्र आधी बँकेला विचारा.

हिशेबनीस

आणि माल वाटेत विकत असाल तर वेबिल चालणार नाही, ते हस्तांतरित होत नाही. पंपाच्या सुट्या भागांचं तसं कोणी करत नाही म्हणा.