व्हिक्टोरियन डिटेक्टिव्ह मुलीने शेवटी लग्न करावं का?

आडवाट :
राणीच्या काळातल्या लंडनमधल्या डिटेक्टिव्ह मुलींच्या कथा हल्ली ढिगाने येतात. शेवट ठरलेला. चोर सापडतो, बाई लाजत होकार देते. मला हे पटत नाही. १८७० पर्यंत बायकोची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची. म्हणजे हिने रात्रभर धुक्यात उभं राहून केस सोडवायची आणि फी याच्या खिशात! प्रेम खुशाल करावं, लग्नाच्या भानगडीत पडू नये.

काकडी_कोशिंबीर :
आधी साल बघा हो. १८७० च्या कायद्याने कमाई तिची झाली, १८८२ च्या कायद्याने मालमत्ताही. आणि एकटी राहून कोणता तीर मारणार होती? चांगल्या घरातली बिनलग्नाची मुलगी सोबतीशिवाय फिरली तरी गावभर चर्चा.

आडवाट :
मग विधवा व्हा! थट्टा नाही करत. १८५६ मध्ये शिकागोत पिंकर्टनच्या खासगी गुप्तहेर कचेरीत डिटेक्टिव्हची नोकरी मागायला गेलेली केट वॉर्न स्वतःला विधवाच सांगायची. १८६१ मध्ये लिंकनला बाल्टिमोरमार्गे गुपचूप न्यायचं होतं, तेव्हा आगगाडीत ही आजारी भावाला घेऊन निघालेली बहीण बनली. घरी जाब विचारणारं कोणी नव्हतं म्हणून जमलं.

शेवंती :
दोघंही पैशात आणि सोबतीत अडकलात. खरा प्रश्न दाराच्या कडीचा. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या क्लिदरो गावात एका नवऱ्याने चर्चमधून बाहेर पडणाऱ्या बायकोला धरून गाडीत घातलं आणि घरात कोंडलं. खालच्या कोर्टाने त्याचीच बाजू घेतली, वरच्याने तिला सोडवलं. मालमत्तेचा कायदा होऊन नऊ वर्षं झाली होती, काकडी!
आपल्याकडचं तर विचारूच नका. नांदायला नकार दिला तर तुरुंग, ही तरतूद इंग्लंडने १८८४ मध्ये काढली. १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना तेच सुनावलं : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद चालेल. पुढे दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या.

काकडी_कोशिंबीर :
रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. इथे मुलगी स्वतः पसंत करतेय. सरसकट सगळे नवरे कडी लावणारे कसे?

शेवंती :
नसतील. पण कायदा कडी लावणाऱ्याला अडवत नव्हता ना. लेखकाला लग्न लावायचंच असेल तर १८९१ नंतर लावावं, आणि होकाराआधी तिने त्याला एवढं तरी विचारावं, रात्री दोनला केस आली तर काय करशील?

आडवाट :
तो म्हणेल, मीही येतो. झाली पंचाईत.