बायबलमधलं लेवीय वाचताना अडकलोय. पुढे जाऊ की सोडू?

तापीकाठ, शहादा तालुका
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. एक जानेवारीपासून अख्खं पवित्र शास्त्र वर्षात वाचायचं ठरवलं. ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती आणि निर्गम भराभर झालं. आता लेवीय लागलंय. शेतीची लाईट रात्री येते, तेव्हा मोटर चालू करून विहिरीपाशी मोबाईलवर वाचतो. होमार्पण, शांत्यर्पण, कोणता प्राणी चालतो, कोणता नाही. डोळे पुढे सरकतात आणि मन कापसाच्या भावात. परवा घरी बायकोने विचारलं, "आज काय वाचलं?" मला एक ओळ सांगता आली नाही. फार लागलं ते मनाला. हे पुस्तक सोडून थेट नवा करार घेऊ का?

नवापूरची ताई
भाऊ, सोडू नका. फक्त वेग सोडा.

आमच्या घरात मावची बोलतात. बाबा रात्री मराठीतून वचन वाचायचे आणि लगेच आईला मावचीत सांगायचे. कधी सांगतासांगता अडायचे. स्वतःला उमगलं नसेल तर दुसऱ्या बोलीत सांगताच येत नाही ना. मग तेच वचन परत वाचायचे. तुम्ही वहिनींना अहिराणीत सांगून बघा.

आणि १९वा अध्याय उघडा. ९ आणि १० वचन: शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक झाडून कापू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं पीक, वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. 'सरवा' शब्दापाशी बाबा थांबले होते, मला आठवतं. भुईमूग काढून झाला की वस्तीवरची पोरं खुरपी घेऊन मातीत राहिलेल्या शेंगा उकरायला यायची आणि बाबा त्यांना हाकलायचे. त्या रात्री ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या साली मात्र काढणीनंतर तीन दिवस शेतात नांगर घातला नाही. पोरं आली, ओटे भरून शेंगा घेऊन गेली.

जुन्या करारातली रूथ, परक्या देशातून आलेली विधवा, याच नियमावर जगली. बवाजाच्या शेतात ती सरवाच वेचत होती, आणि नव्या करारात मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. "आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती कर" हेही याच १९व्या अध्यायातलं, १८वं वचन. नवा करार हवा म्हणता, त्याचं मूळ तर तुमच्या हातात आहे.

जळगावकर
ताईंशी सहमत. दुसरं एखादं सोपं भाषांतरही शेजारी ठेवा. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत शास्त्र आणण्यासाठी. १९२२ साली वारल्या, तोवर त्याच कामात होत्या. तेव्हा शब्द अवघड वाटला तर लाजू नका, थांबा. वर्षात संपलंच पाहिजे असं काही नाही.

तापीकाठ, शहादा तालुका
ताई, काल रात्री १९वा बायकोला वाचून दाखवला. १३व्या वचनाशी आलो आणि अहिराणीत सांगितलं, "मजूरनी मजुरी रातभर आपला जोडे ठेवानी नही." ती चूल आवरत होती. तिथूनच म्हणाली, "मंग त्या बायास्ना पैसा?"

शेवटची वेचणी होऊन तीन आठवडे झालेत. भाव वाढेल म्हणून कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलाय, आणि पाच जणींची मजुरी बाकी. त्यांनी दोनदा विचारलं होतं. कापूस विकला की देतो, असं मी सांगत होतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. वजनाची वही माझ्या खिशात, भाव कधी येईल ते मी ठरवणार, आणि थांबायचं त्यांनी.

आज सकाळी खेडा खरेदीवाल्याला दोन क्विंटल दिला, मिळेल त्या भावात. दुपारच्या आत पाचही घरी जाऊन आलो. एकीने पैसे मोजले नाहीत, तसेच कमरेला खोचले आणि आत जाऊन पाणी आणलं. मला ते पाणी पिताना मान वर करता येईना.

आज २०वा वाचला. एकच अध्याय. त्यातल्या शिक्षा वाचून धास्ती बसलीय. ताई, तुमचे बाबा या अध्यायाबद्दल काय सांगायचे?