आउटलुकचा कस्टम फॉर्म पाठवला की समोरच्याला धड दिसत नाही

उद्यमबाग_स्टोअर
नमस्कार मंडळी. फाउंड्रीसाठी (ओतकामाचा कारखाना) आउटलुकमध्ये 'रिजेक्शन नोट'चा फॉर्म बनवलाय. रकाने ७: पार्टी, पॅटर्न (साचा) नंबर, हीट नंबर (ओतणीच्या खेपेचा), नग, किलो, दोष (ब्लो होल, कोल्ड शट वगैरेची ड्रॉपडाउन) आणि शेरा. पहिले दोन नेहमीच्या 'मेसेज' पानावर, बाकीचे ५ 'पी.२' पानावर. बनवला त्या पीसीवर एकदम झकास दिसतो. पाठवल्यावर मात्र असं होतंय:

१) बहुतेक पीसींवर साधा मेल उघडतो, रकाने एकही नाहीत.
२) क्वालिटीच्या दोन पीसींवर फॉर्म पब्लिश केलाय (म्हणजे तिथल्या आउटलुकमध्ये नोंदवलाय). तिथं पी.२ दिसतं, पण पार्टी आणि पॅटर्न नंबर गायब. किलो आणि शेरा हे रकाने दिसतात, आत काही नसतं.
३) कोल्हापूर आणि हुबळीच्या पार्ट्यांना 'विनमेल डॉट डॅट' नावाची अटॅचमेंट जाते, ती उघडत नाही.
४) दोन ठिकाणी मराठी-कन्नड लेबलं म्हणजे नुसती गिचमिड.

क्लासिक आउटलुक, ऑफिस ३६५. फॉर्ममध्ये थोडी व्हीबीस्क्रिप्टपण (फॉर्मच्या आतला छोटा प्रोग्रॅम) आहे, नग गुणिले वजन करून किलो काढणारी. कुठून सुरू करू?

निपाणी_नेटवर्क
चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत ओ, म्हणून एकाच औषधानं चारही जाणार नाहीत.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा: मेलसोबत फॉर्म जात नाही. जातात ते रकान्यांतले आकडे-अक्षरं आणि फॉर्मचं नाव, म्हणजे मेसेज क्लास, समजा 'आयपीएम.नोट.रिजेक्शन'. समोरचं आउटलुक त्या नावाचा फॉर्म आपल्याकडं शोधतं. सापडला नाही तर गुपचूप साधा 'आयपीएम.नोट' उघडतं. एररसुद्धा देत नाही, म्हणून माणूस चकतो. तुमचा नंबर १ तो हाच.

खात्रीसाठी ज्याला दिसत नाही त्याच्या इनबॉक्सच्या यादीत फील्ड चूझरमधून 'मेसेज क्लास' हा कॉलम ओढून टाका. तिथं तुमच्या फॉर्मचं नाव दिसलं तर मेल बरोबर आलाय, त्या पीसीवर फॉर्म नाही एवढंच. नुसतं 'आयपीएम.नोट' दिसलं तर पाठवतानाच गडबड झालीय. बहुतेक वेळा कोणीतरी पब्लिश केलेला फॉर्म न वापरता डेस्कटॉपवरची ओएफटी फाइल (फॉर्मचा साचा) डबल-क्लिक करून पाठवलेली असते.

उपाय दोन. एक्सचेंजवर (ऑफिसच्या मेल सर्व्हरवर) पब्लिक फोल्डर असतील तर 'ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररी' तयार करून फॉर्म एकदाच तिथं पब्लिश करा, सगळ्यांना मिळतो. नसेल तर प्रत्येक पीसीवर ओएफटी उघडायची, डेव्हलपर टॅबमध्ये डिझाइन धिस फॉर्म, मग पब्लिश फॉर्म ॲज, 'पर्सनल फॉर्म्स लायब्ररी', आणि फॉर्म नेम सगळीकडं अक्षर न् अक्षर तेच. एका ठिकाणी 'रिजेक्शन' आणि दुसरीकडं 'रिजेक्शन१' केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डिस्प्ले नेम मराठीत ठेवा हवं तर, फॉर्म नेम मात्र रोमन अक्षरांत, मधे स्पेस न देता.

डिझाइनच्या प्रॉपर्टीज पानावर 'सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम' ही टिक दिसेल. ती मारली की फॉर्म मेलसोबतच जाईल असं वाटतं. मारू नका. तसला फॉर्म वन-ऑफ (त्या एका मेलपुरता) होतो, त्यातली स्क्रिप्ट समोर चालत नाही, आणि प्रत्येक मेलला विनाकारण ओझं.

आता नंबर २. पार्टी आणि पॅटर्न नंबर 'मेसेज' पानावर आहेत ना? त्या पानाला लिहिण्याचं आणि वाचण्याचं असे दोन वेगळे चेहरे असतात. तुम्ही रकाने टाकले 'कंपोझ'वर, पाहणाऱ्याला दिसतं 'रीड'. डिझाइनमध्ये 'एडिट रीड पेज' दाबा, म्हणजे वाचणाऱ्याचं पान रिकामं दिसेलच. कंपोझवरचे रकाने कॉपी करून रीडवर पेस्ट करा. नाहीतर पेज मेनूतली 'सेपरेट रीड लेआउट'ची टिक काढा, पण मग पाठवणारा आणि तारीख दाखवणाऱ्या वरच्या ओळी पुन्हा तपासाव्या लागतात. पी.२ला वेगळा रीड लेआउट मुळात नसतो, म्हणून ते पान दिसतंय.

किलो आणि शेरा रिकामे, कारण ते रकाने कुठल्या फील्डला (माहिती साठवायच्या कप्प्याला) बांधलेले नाहीत. बॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'व्हॅल्यू' टॅब, न्यू, नाव द्या. किलोला 'नंबर' प्रकार, शेऱ्याला 'टेक्स्ट'. न बांधलेल्या बॉक्सात टाइप केलेलं दिसतं, पण मेलमध्ये साठत नाही. आणि नुसता नग गुणिले वजन एवढाच हिशोब असेल तर त्याच टॅबवरचा फॉर्म्युला पुरे, स्क्रिप्टची गरजच नाही. २०१७च्या सुरक्षा अपडेटपासून कस्टम फॉर्मची स्क्रिप्ट आधीच बंद असते, ती चालू करायला प्रत्येक पीसीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांत) जावं लागतं. फॉर्म्युल्याला तसलं काही लागत नाही.

दुरुस्त करून त्याच नावानं पुन्हा पब्लिश करा. तरी जुनाच फॉर्म दिसला तर फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड > कस्टम फॉर्म्स > मॅनेज फॉर्म्स > क्लिअर कॅश.

उद्यमबाग_स्टोअर
रीड पेज रिकामं होतं, बरोबर! दोन्ही रकाने आले. किलो-शेरापण बांधले. पण एका पीसीवर पब्लिश करूनसुद्धा साधाच मेल दिसतोय, कॅशपण पुसली.

चिकोडी_डेस्क
तो पीसी 'न्यू आउटलुक'वर आहे का बघा. वर उजव्या कोपऱ्यात टॉगल असतो, कोणीतरी सहज दाबलेला असतो. न्यू आउटलुक, वेब, मोबाइल, मॅक, या चारांत कस्टम फॉर्म चालतच नाहीत, सेटिंग शोधत बसू नका. आणि रीडिंग पेनवर (यादीशेजारच्या झलक चौकटीवर) जाऊ नका, मेल डबल-क्लिक करून उघडूनच तपासा, पेनमध्ये पी.२ दिसत नाही.

क्लासिकला किमान २०२९पर्यंत सपोर्ट राहील असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. नवीन फॉर्म बनवायचा तर हे लक्षात ठेवून बनवा.

आता बाहेरच्या पार्ट्यांचं. 'विनमेल डॉट डॅट' म्हणजे आउटलुकच्या रिच टेक्स्टचं गाठोडं. कस्टम रकाने त्यातच बांधून जातात आणि जीमेलवाल्याला ते सोडता येत नाही. एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये रिमोट डोमेन्स, डिफॉल्ट, 'यूज रिच-टेक्स्ट फॉर्मॅट' ला 'नेव्हर' केलं की गाठोडं जाणं थांबेल. पण मग रकान्यांतली माहितीपण जाणार नाही, पार्टीला कोरा मेल मिळेल. माझं मत विचाराल तर पार्टीला फॉर्म पाठवूच नये. ७ ओळींचा साधा तक्ता मेलच्या मजकुरात द्या. फॉर्मवर 'पार्टीला पाठवा' असं बटण ठेवून स्क्रिप्टमधून नवा साधा मेल तयार करता येतो: ॲप्लिकेशनचं क्रिएट-आयटम, कंसात शून्य, मग सातही फील्डची किंमत एचटीएमएल बॉडीत. स्क्रिप्ट फक्त पाठवणाऱ्याच्या पीसीवर चालू केली तरी भागतं, पार्टीकडं काहीच लागत नाही.

खानापूर_टायपिस्ट
नंबर ४ राहिला की ओ. लेबलं जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टात टाइप केली असणार. तसल्या फॉन्टात आत रोमन अक्षरांचे कोड असतात, वरून चेहरा देवनागरीचा किंवा कन्नडचा. ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याला खालचे रोमन आणि चिन्हं दिसतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही, लेबलं युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड असलेली पद्धत) नव्यानं टाइप करा. फॉन्ट 'निर्मला यूआय' ठेवा, विंडोज ८पासून असतोच आणि त्यात देवनागरी-कन्नड दोन्ही आहेत.

पार्ट्यांच्या नावांची जुनी यादी ड्रॉपडाउनमध्ये पेस्ट केली असेल तर तीपण कन्व्हर्टरमधून काढून घ्या, नाहीतर लेबल मराठी आणि यादी गिचमिड.

लेबलची उंची थोडी वाढवून ठेवा. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार, आणि कन्नडला तर खाली ओत्तक्षर (जोडाक्षराचा खालचा भाग). इंग्रजीच्या मापाच्या चौकटीत 'हीट'ची वेलांटी कापली जाते. लॅपटॉपवर स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल तर जास्तच. प्रॉपर्टीजमधली 'रिसाइझ विथ फॉर्म' ही टिक शेऱ्याच्या मोठ्या बॉक्सला मारा, बाकीच्यांना नको, नाहीतर खिडकी ताणली की रकाने एकमेकांवर चढतात.

उद्यमबाग_स्टोअर
टॉगलच होता! परत क्लासिकवर आणला, फॉर्म आला. लेबलं युनिकोडमध्ये टाइप करायला घेतलीत. 'पार्टीला पाठवा' बटणाची स्क्रिप्ट झाली की इथंच टाकतो, तपासून द्या.

निपाणी_नेटवर्क
टाका की. किलोचं फील्ड आता 'नंबर' आहे, तर तक्त्यात घेताना फॉरमॅट-नंबर लावून २ दशांशापर्यंत आणा, नाहीतर ३७.४९९९९९ असले आकडे पार्टीला जातील.