पाळणाघरातली मुलगी महिनाभर एक शब्द बोललेली नाही, काय करू?

वारज्याची_पाळणाघरताई
लवकर सांगा. महिना झाला, मुलगी रोज येते, पण तोंडातून शब्द नाही. रडतही नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. दुपारी सगळी झोपली की दारातल्या चपलांपाशी जाऊन आईची चप्पल काढून ठेवलेली असायची ती जागा बघत बसते. परवा शू आली हे सांगता आलं नाही, कपडे ओले झाले. गाणी, चित्रांची पुस्तकं, सगळं करून झालं. आईशी बोलले तर ती नुसती मान हलवते.

दोन_लेकींचा_बाबा
वय? घरी भाषा कोणती?

वारज्याची_पाळणाघरताई
तीन पूर्ण. घरी कन्नड, कलबुर्गीकडचे आहेत. वडील बांधकामावर, आई धुणीभांडी करते.

वाचा_उपचार
मुख्य गोष्ट राहिलीच. घरी बोलते का? घरी वाक्यं बोलत असेल तर इथलं गप्प राहणं आजार नव्हे. नव्या भाषेत पडलेलं मूल आधी नुसतं ऐकतं, काही आठवडे, कधी काही महिनेही. बोल बोल म्हणून मागे लागू नका. घरीही बोलत नसेल तर मात्र आधी कान तपासून घ्या, वाट बघू नका.

कोथरूडचे_आजोबा
पुण्यात राहायचं तर मराठी यायलाच हवी. आईवडिलांनी घरी मराठीच बोलावी, दोन महिन्यांत फरक पडेल. आमचा नातू इंग्रजी असाच शिकला.

दोन_लेकींचा_बाबा
आजोबा, ज्या आईला मराठी येत नाही ती कुठली मराठी शिकवणार? माझी बायको तमिळ. लोकांचं ऐकून तिने थोरलीशी तमिळ बोलणं बंद केलं. आज थोरली चेन्नईच्या आजीशी फोनवर दोन वाक्यं बोलू शकत नाही. धाकटीच्या वेळी आम्ही ती चूक केली नाही. तिला दोन्ही भाषा येतात.

कोथरूडचे_आजोबा
मराठीचा आग्रह धरला तर बिघडलं कुठे?

निवृत्त_बालवाडीबाई
मराठी ती पाळणाघरात शिकेलच, त्यासाठी कन्नड कशाला काढून घ्यायची? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत आदिवासी पाड्यांवर बालवाडी थेट अंगणात नेली. मूल येत नाही तर आपण त्याच्याकडे जायचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असंच आहे.

सोलापूरची_लेक
ताई, हे शब्द भिंतीवर लिहून ठेवा: नीरु पाणी, ऊटा जेवण, बेकु हवं, बेड नको, साकु पुरे, बा म्हणजे ये. शू, पोटात दुखतं, आई कधी येणार, हे तिच्या आईकडूनच विचारून घ्या. घरात ते ज्या शब्दात म्हणतात तोच शब्द हवा.

वारज्याची_पाळणाघरताई
एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी मीच आईला म्हटलं होतं, घरी कन्नड बंद करा, मराठीच बोला. आज विचारलं, तर घरीही आई तिच्याशी फार बोलत नाही म्हणाली. येईल तेवढ्या मराठीत काय बोलणार बिचारी! आधी घरी खूप बडबडायची म्हणे. मी माझं म्हणणं मागे घेतलं, तिची माफी मागितली. सोमवारी ती अर्धा तास इथे बसणार आहे.

दुपारी वरणभात वाढताना मी "साकु?" म्हटलं. मुलीने वर बघितलं, वाटी पुढे सरकवली, आणि अगदी हळू म्हणाली, "बेकु."

वाचा_उपचार
छान. तरी कान एकदा तपासून घ्याच.